बाटलीचा क्रमांक कोणाच्या वहीत?

लालबाग-परळच्या औषधांच्या दुकानात नित्य दिसणारे दृश्य आहे. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गिऱ्हाईक येते, दुकानदार शीतकपाटातून विषमज्वराची वा काविळीची लस काढतो, बर्फासह पिशवीत घालतो, आणि गिऱ्हाईक लगबगीने चाळीच्या तळमजल्यावरील दवाखाना गाठते. बाटलीचा बॅच क्रमांक दुकानाच्या बिलावर राहतो. टोचल्याची तारीख डॉक्टरांच्या कागदावर, तीही लिहिली गेली तर. या दोन नोंदींची गाठ कोठेच पडत नाही. बिलाची शाई तर काही महिन्यांत उडून जाते.

क्रमांकाचे मोल परळला तरी नव्याने सांगावे लागू नये. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. लस परळच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती. ठपका तिचे जनक वॉल्डेमार हाफकिन यांच्यावर आला. तथापि मृत्यू पावलेल्या सर्वांना एकाच, 53 एन क्रमांकाच्या बाटलीतून लस दिली गेली होती, आणि ती बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे नोंदींमुळेच उमगले. हाफकिन दोषमुक्त होण्यास 1907 साल उजाडले. नोंदच नसती तर तेही झाले नसते.

मग आज ही नोंद का होत नाही? दुकानदार बेफिकीर आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याची मिळकत बाटलीच्या विक्रीत आहे. नाव-क्रमांक भरण्यात त्याचा वेळ जातो, पदरात काही पडत नाही. लाभ होतो तो पुढे, दुसऱ्याच कोणाला: कुत्रा चावल्यावर पूर्वीच्या मात्रा विचारणाऱ्या डॉक्टरला, किंवा सदोष बॅच परत मागविणाऱ्या शासनाला. खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा असला की बाजार ती वस्तू पुरवीत नाही.

अशी नोंद अशक्य नाही, हे 16 जानेवारी 2021 रोजी सुरू झालेल्या कोविन व्यवस्थेने दाखविले. प्रमाणपत्रावर बॅच क्रमांक छापून मिळत होता. तिच्या मागून आलेल्या यू-विनचा रोख मात्र गरोदर माता व बालके यांच्याकडे आहे. स्वतःच्या पैशाने लस विकत घेणारा प्रौढ त्या चौकटीत सहजी बसत नाही. इंग्लंडमध्ये 2015 पासून औषधविक्रेते सरकारी आरोग्यसेवेच्या वतीने फ्ल्यूची लस टोचतात व त्याची खबर रुग्णाच्या डॉक्टरकडे जाते. आपल्याकडे विक्रेता सामान्यतः लस विकतो, टोचत नाही. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही.

गोपनीयतेचा आक्षेप रास्त आहे. जून 2023 मध्ये कोविनची माहिती फुटल्याचे आरोप झाले. सरकारने ते नाकारले, पण लोकांच्या मनातील शंका नाकारण्याने फिटत नाही. परंतु अधिक मोठा धोका दुसरा आहे. सार्वजनिक नोंदवही नसेल, तर साखळी दुकाने आपापल्या गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवतील, ती माहिती त्यांची मालमत्ता होईल, आणि गिरगावातील एकट्या दुकानदाराकडून लस घेणारा तिच्याबाहेर राहील.

महापालिकेने निदान रेबीजच्या लसीपासून आरंभ करावा. ती ठरावीक दिवसांच्या अंतराने घ्यावयाची असल्याने रुग्ण पुन्हा येतोच. बाटलीचा क्रमांक दुकानदाराने भरावा, टोचल्याची तारीख डॉक्टरने, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक नोंदीमागे दोघांना अल्प मोबदला द्यावा. तो किती असावा, हे दादर-परळच्या दुकानदारांशी बसूनच ठरवावे लागेल.