खांद्यावरचा संसार

गेल्या श्रावणातली गोष्ट. सोमवारची सकाळ, गाडीची वेळ झालेली. केसांना क्लिप लावण्यासाठी मी उजवा हात वर नेला आणि तो कानापाशीच अडला. काही केल्या पुढे जाईना. डाव्या हाताने कशीबशी क्लिप लावली, पर्स उचलून सवयीने उजव्या खांद्याला अडकवली, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरीही गाडी मी गाठलीच. डोंबिवलीच्या बाईला दुखणे परवडते, गाडी चुकणे परवडत नाही.

पंधरा दिवस तेल चोळून झाले. सासूबाईंनी निर्गुडीचा पाला गरम करून शेकून पाहिला. गुण येईना, तेव्हा कुठे फिजिओथेरपिस्टची पायरी चढले. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी. तिने हात वर करायला लावला, मान वळवायला लावली आणि मग मला आरशासमोर उभे केले.

"मॅडम, तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आहे. दिसतंय का?"

दिसत होते. इतकी वर्षे रोज आरशात पाहणारी मी. कुंकू वाकडे झालेले मला दिसत होते, खांदा वाकडा झालेला दिसला नव्हता.

"रोज काय उचलता तुम्ही?"

"छे! मी काय उचलणार? मी कॉलेजात मराठी शिकवते."

ती हसली आणि खुर्चीवर ठेवलेल्या माझ्या पर्सकडे बोट दाखवून म्हणाली, "मग ही किती किलोची आहे?"

वाचक भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही. गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो हे मला ठाऊक. मंगळसूत्र किती ग्रॅमचे हेही ठाऊक. पण जी वस्तू मी वर्षानुवर्षे रोज खांद्यावर वाहिली, तिचे वजन मात्र मी कधी केले नव्हते. तुम्ही केले आहे का?

पुढच्या रविवारी रद्दीवाला आला. वर्तमानपत्रांचा गठ्ठा त्याने हुकाच्या काट्याला लावून मोजला. मी म्हटले, "भाऊ, आता एवढी पर्स लावा बघू." काटा ५ किलो ६०० ग्रॅमवर थांबला. "ताई, विटा भरल्यात काय?" असे म्हणून त्याने ती खाली ठेवली, आणि ठेवताना दोन्ही हात लावले.

माझे स्वतःचे वजन ५४ किलो. म्हणजे माझ्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त भार मी एका खांद्यावर घेऊन फिरत होते. हा दहावा हिस्सा मी उगीच काढला नाही. मुलांच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेत आपल्या पहिल्याच भाषणात कळकळीने सांगितले होते. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ साली ओझ्याविना शिक्षण कसे देता येईल यावर अहवाल दिला. २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने तर माप घालून दिले, की दप्तर मुलाच्या वजनाच्या एक दशांशापेक्षा जड नसावे. आमच्या मुलीचे दप्तर मी स्वतः तराजूत घालून पाहिलेले आहे. वर्गशिक्षिकेला चिठ्ठीही धाडली होती. मुलांच्या दप्तरांसाठी एवढे सारे झाले. आयांच्या पर्सेस मात्र कोणी तोलल्या नाहीत. दुसऱ्या कोणाला कशाला बोल लावू? माझी मीच तोलली नव्हती.

त्या दुपारी जेवणे उरकल्यावर मी स्वयंपाकघरातला छोटा काटा ओट्यावर ठेवला आणि पर्स रिकामी करायला घेतली. मुलगी वही-पेन्सिल घेऊन हिशेबनीस झाली. नुसती रिकामी चामड्याची पर्सच ९०० ग्रॅम भरली! ती मोठ्या हौसेने घेतली होती. तिच्या पितळी कड्या, साखळ्या आणि चार कप्पे पाहून मी खूश झाले होते. त्यांचेही ओझे मलाच वाहायचे आहे, हे दुकानात सुचले नाही. पाण्याची स्टीलची बाटली १ किलो ३५० ग्रॅम. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेले. पण बाटली भरताना कोणाला शाळा आठवते? डबा ६५० ग्रॅम. चाळणी परीक्षेच्या ४० उत्तरपत्रिका १ किलो. वाचनालयाचे पुस्तक ४०० ग्रॅम. छत्री ३५०. मोबाइल, त्याचा चार्जर आणि पॉवर बँक मिळून ५००. उरलेल्या किडुकमिडुकाचे ४५० ग्रॅम: किल्ल्यांचा जुडगा, सुटी नाणी, सुई-दोरा, तीन पेने, त्यांतली दोन न उमटणारी, ह्यांचा वाचायचा चष्मा, मुलीच्या केसांचे रबर, सासूबाईंच्या मधुमेहाच्या तपासणीचे जुने कागद, खडीसाखरेची पुडी, चिकटपट्ट्या, किराण्याच्या पावत्या.

वहीतली बेरीज करून मुलगी म्हणाली, "आई, यात तुझं काय आहे गं?"

तिने सहज विचारले, पण मी विचारात पडले. खडीसाखर सासूबाईंसाठी, एकदा लग्नाहून परतताना गाडीत त्यांची साखर उतरली, हातपाय गार पडले, आणि समोरच्या बाईंनी दिलेल्या गोळीने त्या सावरल्या. तेव्हापासून पुडी आली. चिकटपट्ट्या आल्या मुलगी सहलीत गुडघा फोडून घेऊन आली त्या दिवसापासून. ह्यांचा चष्मा तर कायमचा बिऱ्हाडकरू. घराबाहेर पडताना "जरा तुझ्यात ठेव" असे म्हणून पुरुषमंडळी हात हलवीत चालू लागतात. त्यांच्या शर्टाला खिसा, पँटला चार खिसे. आमच्या साडीला एक नाही. आमच्या आज्यांच्या नऊवारीला कनवटी तरी होती, तीत चार नाणी राहत. कनवटी गेली, पर्स आली, आणि पर्सला तळ नसतो असा घरातल्या सर्वांचा समज झाला. एकेक वस्तू कधीतरी एकदा कोणासाठी तरी लागली म्हणून आत आली, आणि "पुन्हा लागली तर?" या भीतीने आतच राहिली.

ओझे वाहणे आपल्या लोकांना नवे नाही. ते कसे वाहावे याचेही शास्त्र त्यांना ठाऊक होते. माझे आजोबा साताऱ्याहून गावी जाताना खांद्यावर पडशी टाकीत. पडशी म्हणजे मधोमध तोंड असलेली, दोन्हीकडे कप्पे असलेली लांबट पिशवी. एक कप्पा छातीवर, एक पाठीवर. दोन्हीकडे भार सारखा. कावडीचेही तेच. शिखर शिंगणापूरच्या यात्रेत अवजड कावडी मुंगी घाटाने वर चढवतात, त्यात ताकद आहे तशी तोल सांभाळण्याची कलाही आहे. पाणी आणणाऱ्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून तीवर हंडा घेत, म्हणजे भार सरळ कण्यावर येई. केनियातल्या लुओ आणि किकुयू जमातींच्या स्त्रियांचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा या स्त्रिया आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचे ओझे डोक्यावर घेऊन चालल्या तरी त्यांना जास्तीची शक्ती खर्चावी लागत नाही असे आढळले. १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात ते छापून आले. नेपाळातले हमाल पाठीवरच्या डोक्याचा पट्टा कपाळावर घेतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्यांच्यातल्या पुरुषांची ओझी सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भरली. याचा अर्थ आपणही हंडे-डोकी घेऊन निघावे असा नव्हे. त्या कष्टाने त्यांच्याही माना-पाठी झिजतात, आणि त्यांना ते हौसेने करावे लागत नाही. शिकायचे ते इतकेच, की ओझे शरीराच्या मध्याजवळ आणि दोन्ही बाजूंना सारखे असले तर शरीर ते सोसते. एका बाजूला लोंबकळले तर थोडेही जड होते.

असे का, ते त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मला समजावून सांगितले. एका खांद्यावर पर्स अडकवली की पट्टा घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा उचलून धरतो. मानेपासून खांद्यापर्यंत जाणारा स्नायू मग सारा वेळ आवळलेला राहतो. तोल जाऊ नये म्हणून कणा दुसऱ्या बाजूला कलतो. पट्टा अरुंद असला तर सगळा भार बोटभर जागेवर येऊन ती जागा काचते. कोपरात पर्स अडकवली तर ताण हातावर येतो. आणि याच अवस्थेत आपण फलाटावर तासभर उभ्या असतो, एका हाताने कडी धरून, दुसऱ्याने मोबाइल पाहत!

तिने व्यायाम दिले आणि वर सांगितले, "मॅडम, व्यायाम दहा मिनिटं, पर्स दहा तास. कोण जिंकेल, तुम्हीच सांगा."

तेव्हा पुन्हा ओटा, पुन्हा पर्स. या खेपेला वस्तू आत घालण्यासाठी उचलायची, आणि उचलताना विचारायचे: ही या आठवड्यात लागली का? ही माझी आहे का? जिथे जाते आहे तिथे ही मिळत नाही का? कॉलेजात पाण्याची सोय आहे. मग अर्ध्या लिटरची हलकी बाटली पुरे. उत्तरपत्रिका एका वेळी वीसच घरी आणायच्या, बाकीच्या कॉलेजातल्या कपाटात. पॉवर बँक प्रवासापुरती. पुस्तक वाचायचे असेल त्याच दिवशी. चष्मा ह्यांच्या शर्टाच्या खिशात गेला. दोन दिवस कुरकुर झाली, तिसऱ्या दिवशी खिसा अंगवळणी पडला. खडीसाखरेची पुडी मात्र सासूबाईंनी स्वतःच मागून घेतली आणि आपल्या बटव्यात ठेवली. "माझी साखर माझ्याजवळ नको का?" म्हणाल्या. हे इतकी वर्षे मला का सुचले नव्हते, कोण जाणे!

सगळ्यांत आतल्या चेनच्या कप्प्यात एक गोळ्यांची पट्टी निघाली. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या, माझ्या आईच्या. ती आमच्याकडे राहायला आली की डॉक्टरांनी सांगून ठेवले होते, ही पट्टी घरात कोणाजवळ तरी हाताशी असू द्या. ती माझ्याजवळ असे. आई जाऊन चार वर्षे झाली. पट्टीवरची तारीखही केव्हाच उलटून गेली होती. मी ती काट्यावर ठेवली. काट्याने काही दाखवले नाही, इतकी ती हलकी.

मुलीने वहीत काही लिहिले नाही. म्हणाली, "राहू दे ना आई, हिला वजन नाही."

मी म्हटले, "नको. जुनं औषध जवळ ठेवू नये." आणि ती पट्टी बाजूला काढली. त्या संध्याकाळी आईचा एक छोटा फोटो, पासच्या आकाराचा, त्याच कप्प्यात ठेवला.

आता माझ्याजवळ कापडी सॅक आहे, रुंद पट्ट्यांची, रिकामी ४०० ग्रॅमची. दोन्ही खांद्यांना घेते. जड वस्तू पाठीशी लागून, हलक्या बाहेरच्या अंगाला. पट्टे इतके आखडलेले की सॅक कमरेखाली लोंबत नाही. गाडीत शिरताना ती पुढे छातीवर घेते, म्हणजे गर्दीत कोणाला लागत नाही आणि चेनही डोळ्यांसमोर राहते. बसायला मिळाले की मांडीवर, नाही तर वरच्या फळीवर. सॅक आवडत नसेल त्यांनी लांब पट्ट्याची पर्स तिरकी गळ्यात घालावी आणि बाजू बदलीत जावी. बाजारहाट करताना एका हातात मोठी पिशवी घेण्यापेक्षा दोन हातांत दोन लहान पिशव्या घ्याव्या. जमिनीवरून ओझे उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे. आणि एवढे करूनही दुखणे हटत नसेल, हाताला मुंग्या येत असतील, तर तेल चोळीत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. मी पंधरा दिवस फुकट घालवले, तुम्ही घालवू नका.

परवा रद्दीवाल्याच्या काट्याला सॅक लावून पाहिली. छत्रीसकट तीन किलोच्या आत भरली. खांदा एका दिवसात बरा झाला नाही. दोन महिने लागले. पण आता क्लिप उजव्या हाताने लागते, आणि हात डोक्यावरून पलीकडच्या कानापर्यंत पोचतो.

दिवाळीच्या साफसफाईत आपण माळे उपसतो, फडताळे पुसतो, डबे घासतो. या वर्षी त्याबरोबर आपली पर्सही एकदा ओट्यावर रिकामी करा. घरातल्या सगळ्यांना भोवती बसवा, म्हणजे ज्याची वस्तू त्याला तिथल्या तिथे परत देता येईल. एखादी वस्तू हातात घेऊन थोडा वेळ थांबावेसे वाटले, तर थांबा. आणि मग काटा काढा.