घर पाहण्यापूर्वीं

घर घेणाऱ्या कुटुंबाची रीत बहुधा उलटी असते. आधीं घर पाहिलें जातें, तें मनांत भरतें, आणि मग आपल्या गरजा त्या घराच्या मापानें कापल्या जातात. वऱ्हाडांत तर घरें पाहण्याचा हंगामहि फसवा असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुहूर्त चांगले असतात, हवा गार असते. अशा वेळीं अकोल्यांतील किंवा अमरावतींतील कोणतेंहि नवें घर सुखाचेंच वाटतें. त्याच घरांत मे महिन्यांत दुपारीं तीन वाजतां बसून पाहिलें, तर पुष्कळांचा बेत तेथेंच फिरेल. सेवानिवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली भविष्यनिर्वाह निधीची सारी पुंजी ज्या व्यवहारांत एकदम जाते, तो व्यवहार पुन्हां करतां येत नाहीं. म्हणून आपल्याला काय हवें, हें कुटुंबानें घर पाहावयास निघण्यापूर्वींच कागद घेऊन ठरविणें अगत्याचें आहे.

पहिला प्रश्न खोल्या किती हा नव्हे. दुपारीं घरांत कोण असतें, हा आहे. नोकरीवर जाणारा मनुष्य संध्याकाळीं परततो. परंतु वृद्ध आईबाप, लहान मुलें आणि बहुतेक घरांतील गृहिणी ह्यांना सबंध उन्हाळा त्याच भिंतींच्या आंत काढावयाचा असतो. पारा येथें ४५ अंशांच्या पुढें जातो. हीं दोन्ही शहरें सुमारें २१ उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळें मेच्या चौथ्या आठवड्यांत माध्यान्हीचा सूर्य अगदीं डोक्यावर येतो. त्या वेळीं भिंतींना ऊन जवळजवळ लागतच नाहीं, तें सारें छतावर पडतें. आणि दुपार कलली कीं पश्चिमेच्या भिंतीवर. काँक्रीटचें छत दिवसभर ही उष्णता पितें आणि रात्रीं खालच्या खोलींत सोडतें. सर्वांत वरच्या मजल्यावरील घर थोडें स्वस्त मिळालें, तरी तेथें म्हाताऱ्या माणसांना ठेवावयाचें असल्यास तो सौदा महागच पडतो.

जुन्या वऱ्हाडी घरांनीं हा प्रश्न मातीच्या जाड भिंती, मातीचें धाबें आणि पुढची छपरी ह्यांनीं सोडविला होता. दुपार माजघरांतील अंधारांत किंवा बंगईवर जाई, रात्र अंगणांत. आज तें काम कूलर करतो. नकाशांत मात्र त्याला जागा नसते. त्याला बाहेरच्या मोकळ्या हवेकडे उघडणारी खिडकी लागते, जवळ पाणी लागतें, आणि हवा बाहेर पडण्यास समोर दुसरी वाट लागते. ही वाट नसली तर खोली गार होण्याऐवजीं दमट होते. एकाच खिडकीच्या खोल्या तीन असण्यापेक्षां आरपार वारा खेळणाऱ्या दोन बऱ्या.

पाण्याचा विचार त्याच्या जोडीनेंच करावा लागतो. अमरावतीला पाणी मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणांतून येतें, अकोल्याला महान येथील काटेपूर्णा धरणांतून. कमी पावसाच्या वर्षीं अकोल्यास नळाचें पाणी कित्येक दिवसांच्या अंतरानें आलेलें आहे. अशा वेळीं विक्रेता विंधनविहिरीकडे बोट दाखवितो. पण पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अकोला, अमरावती व बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथें जमिनीखालचें पाणी खारट. तेव्हां पाणी किती आहे ह्याबरोबरच कसें आहे हेंहि विचारावें, तें तपासून घ्यावें, आणि शेजारच्या घरांतील तोट्यांवर पांढरा थर चढला आहे काय तें पाहावें. टाकीचा हिशेबहि सोपा आहे. दरडोई रोज १३५ लिटर हें शहरी प्रमाण धरलें, तर पांच माणसांना ६७५ लिटर लागतात. पाणी दर पांचव्या दिवशीं येत असेल, तर साठा सुमारें ३,४०० लिटरांचा हवा. कूलरचें पाणी वेगळेंच.

स्वतंत्र बंगलीची हौस असेल, तर काळ्या मातीची ओळख असावी. वऱ्हाडला कापूस देणारी ही माती घराशीं मात्र वैर धरते. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत न नेलेलें घर तिच्याबरोबर हलतें. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपी निघालेली भेग रंगानें बुजवितां येते, पण ती पुन्हां उघडते.

हवें-नकोची यादी एकट्यानें करूं नये. पुष्कळ कुटुंबांत व्यवहार पुरुषानें ठरवावा आणि बाईनें शेवटीं स्वयंपाकाचा ओटा पाहून मान हलवावी, अशी चाल असते; ती टाकून दिली पाहिजे. प्रत्येकानें वेगळ्या कागदावर लिहावें. एकाच्या कागदावर मोटार उभी करण्याची जागा पहिली निघते, दुसरीच्या कागदावर वाळवणासाठीं गच्ची, आणि आजोबांच्या कागदावर एकच शब्द असतो: जिना. भांडण व्हावयाचें तें इसार देण्यापूर्वीं झालेलें बरें. मग प्रत्येक गोष्टीसमोर, ही पुढें पैसे खर्चून बदलतां येईल काय, अशी खूण करावी. रंग, फरशी, कपाटें बदलतां येतात. दिशा, मजला, पाया व रस्त्याची रुंदी बदलतां येत नाहीं. नमुन्याचें घर सजविणारा आपली सारी मेहनत पहिल्या प्रकारच्या गोष्टींवरच खर्च करतो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

क्षेत्रफळ विचारतांना चटई क्षेत्रच विचारावें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें त्यांत आंतल्या आडभिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची धरीत नाहींत.

भाडेपट्ट्याची जमीन चालेल कीं नाहीं, हेंहि घरांतच ठरलेलें असावें. दोन्ही शहरांतील जुन्या वस्त्यांत नझूलच्या जागा आहेत. तेथें जमीन सरकारची असते, पट्टेदाराचा हक्क पट्ट्याच्या अटींपुरता. पट्ट्याची मुदत कधीं संपते, नूतनीकरण झालें आहे काय, विक्रीस परवानगी लागते काय, हें कागदावर पाहावें. शहराच्या कडेचा भूखंड असल्यास जमीन अकृषिक झाली आहे काय आणि ले-आउट मंजूर आहे काय, हें पाहावें. वकिलाकडून हे कागद तपासून घेण्यास आठ-दहा दिवस लागतात व ते विक्रेत्याला रुचत नाहींत. तरी ते मागून घ्यावेत, आणि तेवढ्या मुदतींत एकदां भर दुपारीं व एकदां रात्रीं दहा वाजतां त्या गल्लींत नुसतें उभें राहून यावें.