कमरेचा घेर

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनगृहातील मेजावर चांदीची एक लहानशी आगगाडी आहे. महाराज माधवराव शिंदे यांच्या हौसेची ही चीज. भोजन आटोपल्यावर मद्य आणि चिरूट घेऊन ती रुळांवरून एकेका पाहुण्यासमोर येई आणि पात्र उचलताच जागच्या जागी थांबे. पाहुण्याला हात लांब करण्याचेही कष्ट पडू नयेत, ही व्यवस्था त्या काळी राजालाच परवडत असे. आज ती लष्कर भागातील कोणत्याही बऱ्यापैकी मिळवत्या गृहस्थाला उपलब्ध आहे. रुळांच्या जागी रस्ता आला, चांदीच्या डब्याच्या जागी मोटारसायकलवरची पिशवी आली, इतकेच.

शिंद्यांच्या राज्याबरोबर जी मराठी घराणी ग्वाल्हेरीस स्थायिक झाली, त्यांनी पुरणपोळी आणि श्रीखंड बरोबर आणले आणि या मुलखाची बेडई, कचोरी, जिलबी व थंडीतली मुरैन्याची गजक यांनाही पंगतीत मानाची जागा दिली. दोन पाकशैलींचा हा संसार मोठा सुखाचा झाला, यात शंका नाही. परंतु ज्या पिढ्यांनी तो मांडला त्या विहिरीचे पाणी ओढीत होत्या, जात्यावर दळीत होत्या आणि बाजारहाट पायी करीत होत्या. पदार्थ राहिले, कष्ट गेले. भाषा मात्र जुनीच राहिली. सुटलेल्या पोटाला अजूनही ‘तब्येत सुधारली’ असे म्हणतात आणि गुटगुटीत मुलाला ‘खात्यापित्या घरचे’ म्हणून कौतुकाने कुरवाळतात. दुष्काळ, पटकी आणि क्षय यांनी झिजलेली माणसे ज्यांनी पाहिली, त्यांच्या तोंडी हे शब्द शोभत होते. अंगावरचे थोडे मांस म्हणजे अडचणीच्या दिवसांची शिल्लक होती.

जुन्या वैद्यांना याची दुसरी बाजूही ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंद्य म्हणून सांगितलेल्या आठ देहप्रकारांत अतिकृश आणि अतिस्थूल हे दोन्ही आहेत. आणि त्या दोहोंत कृशपणा बरा, स्थूलपणा अधिक दुश्चिकित्स्य, असाच तेथील अभिप्राय आहे.

आज हा प्रश्न किती पसरला आहे, याचा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीवरून येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही आढळले आणि आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते. रक्तदाबाचा विकार ३५.५ टक्क्यांना होता. लठ्ठपणा सर्वसाधारण मापाने २८.६ टक्के लोकांत दिसला, पण केवळ पोटाचा घेर मोजला तेव्हा हाच आकडा ३९.५ टक्क्यांवर गेला. या शेवटच्या दोन आकड्यांतील अंतर विचार करण्याजोगे आहे. वजनाच्या काट्यावर जे सुटतात, त्यांतील पुष्कळजण टेपच्या मापात सापडतात.

याचे कारण चरबी कोठे साठते यात आहे. कातडीखालची चरबी बरीचशी निरुपद्रवी असते. पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठणारी चरबी निराळी. ती निष्क्रिय गाठोड्यासारखी पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात आणि थेट यकृतात पोहोचतात. यकृतात मेद साचू लागतो. रक्तातील साखर पेशींत पोहोचविणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासे होते, तेव्हा स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतू लागते आणि काही वर्षांनी थकते. मधुमेह उघडा पडतो तो या टप्प्यावर. त्याची तयारी फार आधी झालेली असते. याच वाटेवर रक्तदाब वाढतो, रक्तातील मेदाचे प्रमाण बिघडते आणि हृदयाच्या धमन्या अरुंद होऊ लागतात. गुडघ्यांची झीज, पित्ताशयातील खडे, घोरता घोरता झोपेत श्वास अडणे ही याच गोतावळ्यातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये तेरा प्रकारच्या कर्करोगांशी अतिरिक्त चरबीचा संबंध असल्याचा निर्वाळा दिला, हे मात्र अजून फारसे कोणाच्या कानावर गेलेले नाही.

भारतीय शरीराची या बाबतीतली खोड पुण्यात उलगडली. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची अपत्ये यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. पुण्याच्या बालकांत स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते. चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. दिसायला रोड, आतून मेदस्वी असा हा देह जन्मापासूनच घडलेला असतो. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांनी आपले स्नेही डॉ. युडकिन यांच्यासमवेत स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि पुण्याच्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. स्वतःच्या पोटाचा असा जाहीर हिशेब देणारे शास्त्रज्ञ विरळाच.

म्हणूनच युरोपीय माणसांसाठी ठरविलेल्या मर्यादा येथे जशाच्या तशा लागू करीत नाहीत. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक तिकडे पंचविसापर्यंत निर्धोक समजतात. भारतीयांना तेविसापासूनच सावध राहण्यास सांगतात. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला ही सीमा साधारण साडेबासष्ट किलोवर येते. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८० सेंटिमीटर. मोजताना ताठ उभे राहावे, सहज श्वास सोडावा आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप आडवा धरावा. विजारीचा पट्टा हे माप नव्हे, कारण पोट वाढते तसा पट्टा नम्रपणे खाली सरकतो.

विजारीवरून एक जुने संशोधन आठवावे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत चालक दिवसभर बसून असे आणि वाहक दिवसभर जिना चढउतार करी. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले की हृदयविकार चालकांपेक्षा वाहकांना कमी होतो. गणवेशाच्या नोंदी तपासता चालकांच्या विजारी कमरेला अधिक रुंद असल्याचेही आढळले. ग्वाल्हेरच्या गडाला अशाच दोन वाटा आहेत. पश्चिमेच्या उरवाई दरवाजातून मोटार वर जाते; पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजातून मानमंदिराकडे जाणारा चढ पायीच चढावा लागतो. कोणती वाट कोणाच्या कामाची, हे सांगणे नको. ज्याला छातीत दुखते किंवा गुडघे साथ देत नाहीत, त्याने मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून चढ धरू नये, सपाटीवर चालावे.

व्यायामाची या शहराला उणीव नाही. १८५७ च्या संग्रामाच्या शताब्दीला, १९५७ साली, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले आणि आज ते अभिमत विद्यापीठाच्या दर्जास पोहोचले आहे. मराठी मातीत वाढलेला मल्लखांब २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे. परंतु खेळाडू घडविणारी संस्था शेजारी असल्याने शेजाऱ्याचे पोट कमी होत नाही. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे झपझप चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढे जागतिक आरोग्य संघटना सांगते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघरी नेलेले सूर्यनमस्कार या दुसऱ्या कामासाठी आजही पुरेसे आहेत.

आहारात उपासापेक्षा हिशेब उपयोगी पडतो. एक ग्रॅम पिठातून सुमारे चार उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तेलातुपातून नऊ. दिवसात चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे बत्तीस ग्रॅमच्या आसपास. पंचवीस ग्रॅमच्या आत राहावे असा सल्ला असताना मर्यादा चहातच ओलांडली जाते, जिलबी अजून दुकानात असतानाच. भाकरी-पोळीचा एक घास कमी करून डाळ, उसळ आणि पालेभाजी वाढविणे, तळणीचे तेल पुन्हा पुन्हा न वापरणे, रात्रीचे जेवण लवकर उरकणे, या गोष्टी स्वयंपाकघरातच ठरतात. त्या एकट्या आजारी माणसाच्या ताटापुरत्या केल्या तर टिकत नाहीत. साऱ्या घराचे ताट बदलावे लागते.

लठ्ठ माणसाची थट्टा करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. आनुवंशिकता, काही औषधे, अवटू ग्रंथीचे विकार, अपुरी झोप यांचा त्यात वाटा असतो. हसण्याने वजन उतरल्याचे कोणी पाहिलेले नाही. माणूस लाजून दवाखान्यात जाणे टाळतो, एवढे मात्र होते. अलीकडे भूक मंदावणारी सुया-औषधे आली आहेत. योग्य रुग्णाला त्यांचा गुण येतो, पण ती थांबविल्यावर उतरलेले वजन बव्हंशी परत चढते, म्हणून ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

थोडक्याने काय साधते, याचे उत्तर चेन्नईच्या एका प्रयोगात मिळते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना तेथे केवळ आहार आणि चालणे यांचे मार्गदर्शन देण्यात आले. तीन वर्षांनी, २००६ साली हिशेब मांडला, तेव्हा ज्यांना हे मार्गदर्शन मिळाले नव्हते त्यांच्यापेक्षा या लोकांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी भरला. त्यांचे वजन मात्र फारसे उतरलेले नव्हते. महिनाभर चालून काटा हलत नाही म्हणून जे निराश होतात, त्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात चालणे सूर्योदयापूर्वीच उरकावे; कडाक्याच्या थंडीत धुके विरल्यावर निघावे; आणि तीस वर्षे उलटलेल्यांनी रक्तदाब व साखर वर्षातून एकदा तपासून घ्यावी, मग अंगकाठी कितीही सडपातळ असो.