हापूस विमानाने परदेशी: वेळ नेमका जातो कुठे?



"एवढ्या लांब जाईपर्यंत आंबा टिकेल का?" असं बरेच जण विचारतात. अंधेरीच्या सहार विमानतळावरून थेट विमानाला लागणारा वेळ साधारण असा:

✈️ दुबई: १,९०० किमी, ३ ते साडेतीन तास
✈️ लंडन: ७,२०० किमी, ९ ते १० तास
✈️ न्यूयॉर्क: १२,५०० किमी, १५ ते १६ तास

आता हे बघा. रत्नागिरी ते सहार जेमतेम साडेतीनशे किमी, पण ट्रकला अख्खी रात्र लागते. म्हणजे लंडनच्या विमानाइतकाच वेळ! पुढे पॅकहाऊस, प्रक्रिया (अमेरिकेसाठी विकिरण, युरोपसाठी गरम पाणी), तपासणी, कस्टम. आंब्याचं आयुष्य खर्च होतं ते जमिनीवर, आकाशात नाही.

घड्याळाला फसू नका. सकाळी ७ ला सुटलेलं विमान लंडनला तिथल्या दुपारी साडेबाराला उतरतं. वाटतं साडेपाच तास झाले. पण उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. फळाचे १० तास गेलेलेच असतात.

म्हणून एवढं करा:
१) विमानाचं बुकिंग नक्की झाल्याचा निरोप आल्याशिवाय काढणी नको.
२) विमान थेट आहे की मध्ये थांबणार, हे निर्यातदाराला विचारा. थांबा असेल तर तेवढे तास धरा.
३) चौदा आणे फळ देठासकट, सकाळी ऊन चढण्याआधी काढा. क्रेट लगेच सावलीत.
४) प्रत्येक क्रेटवर काढणीची तारीख आणि वेळ लिहा.

बागेत वाचवलेला एक तास पुढे कामी येतो.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी