विदर्भाचा मारा आणि नव्या प्रशिक्षकाकडून धरलेली आशा

पैनगंगेच्या अल्याड उमरखेड तालुका, पल्याड हदगाव. क्रिकेटच्या नकाशावर ही नदी म्हणजे दोन राज्यांची सीमा आहे. उमरखेडचा मुलगा चांगला खेळला तर तो विदर्भ क्रिकेट संघटनेकडे, म्हणजे व्हीसीएकडे, नागपूरची वाट धरतो. हदगावच्या मुलाचा रस्ता महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे, पुण्याला जातो. लोकसभेला उमरखेड हिंगोली मतदारसंघात मोडते, नागपूरपेक्षा नांदेड कितीतरी जवळ आहे, तरी रणजी करंडकात उमरखेडचा संघ एकच, तो म्हणजे विदर्भ.

या संघाची वाट पाहण्याची चाहत्यांची तयारी विलक्षण होती. विदर्भ रणजीत पहिल्यांदा उतरला 1957-58 च्या हंगामात. त्यानंतर साठ वर्षे या संघाने अंतिम सामना पाहिला नव्हता. प्रशिक्षक बदलत, आशा पालवत आणि हंगाम संपला की विरून जात. 2017 मध्ये चंद्रकांत पंडित विदर्भाचे प्रशिक्षक झाले तेव्हाही पुष्कळांना वाटले असेल, आणखी एक आला. ते कोणत्या अवस्थेत आले होते हे मात्र लक्षात घ्यायला हवे. भारताकडून 5 कसोटी खेळलेला हा यष्टिरक्षक प्रशिक्षक म्हणून मुंबईला तीनदा रणजी जिंकून देऊन चुकला होता. पण जानेवारी 2017 मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर गुजरातने मुंबईला अंतिम सामन्यात हरवले आणि पुढच्या हंगामासाठी मुंबईने दुसरा प्रशिक्षक नेमला. मुंबईने मोकळा केलेला माणूस विदर्भाने घेतला.

नव्या प्रशिक्षकाकडून प्रेक्षक काय मागतात, हा प्रश्न जगभर सारखाच आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये तर चढाईसाठी एक स्वतंत्र प्रशिक्षक असतो. तिथे चढाई करणारे 11 खेळाडू वेगळे आणि बचाव करणारे 11 वेगळे. हा प्रशिक्षक प्रत्येक चालीचा हुकूम खेळाडूपर्यंत पोचवतो. व्यावसायिक एनएफएल स्पर्धेत 1994 पासून त्यासाठी क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवलेला आहे. चाल सुरू करण्याच्या घड्याळात 15 सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद पडतो. पुढे मैदानावरच्या खेळाडूने स्वतःच्या डोक्याने खेळायचे. असा नवा प्रशिक्षक नेमला की तिथले चाहते पहिल्याच सामन्यापासून गुणांचा पाऊस मागतात.

क्रिकेटमध्ये चढाई म्हणजे गोलंदाजीचा मारा. धावा कितीही करा, समोरच्याचे 20 बळी घेतल्याशिवाय चार-पाच दिवसांचा सामना निर्णायक जिंकता येत नाही. रणजीच्या साखळीत पहिल्या डावाच्या आघाडीवर सामना अनिर्णित ठेवला तर 3 गुण मिळतात, निर्णायक विजयाला 6. आघाडीवर समाधान मानणारा संघ आणि 20 बळींच्या मागे लागणारा संघ यांत फरक पडतो तो इथे. विदर्भाच्या माऱ्याची जबाबदारी होती सुब्रतो बॅनर्जी यांच्याकडे. हा माणूस भारताकडून एकच कसोटी खेळला, जानेवारी 1992 मध्ये सिडनीला. शेन वॉर्नचीही ती पहिलीच कसोटी. बॅनर्जींनी त्या सामन्यात 3 बळी घेतले आणि पुन्हा कधी कसोटी संघात आले नाहीत. त्यांचे खरे काम पुढे उमेश यादवच्या गोलंदाजीत दिसले. खापरखेड्याजवळच्या वलनीतल्या कोळसा खाणकामगाराचा हा मुलगा विदर्भ संघातून कसोटीपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू.

डिसेंबर 2017. कोलकात्यात कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामना. विदर्भ पहिल्या डावात 185 धावांत बाद, कर्नाटकाच्या 301. दुसऱ्या डावात विदर्भाने 313 केल्या, त्यात मूळच्या कर्नाटकाच्याच गणेश सतीशच्या 81. कर्नाटकाला हव्या होत्या फक्त 198. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते 7 बाद 111 होते, आणि पाचव्या सकाळी शेपटाने धावसंख्या 192 पर्यंत ओढत नेली. सामना 5 धावांनी विदर्भाचा! स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात 68 धावांत 7 बळी घेतले, सामन्यात 12. रणजीच्या इतिहासात याहून चुरशीचे उपांत्य सामने फार थोडे असतील.

अंतिम सामना दिल्लीशी आणि मैदान पुन्हा तेच, इंदूरचे होळकर स्टेडियम. गुरबानीने एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांना त्रिफळाचीत केले आणि आपल्या पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर 145 धावा काढून उभ्या असलेल्या ध्रुव शोरीचाही त्रिफळा उडवला. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरीच हॅटट्रिक. पहिली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, 1972-73 मधली. (हाच शोरी पुढे विदर्भाकडून खेळू लागला.) अक्षय वाडकरने प्रथम श्रेणीतले आपले पहिले शतक याच सामन्यात ठोकले, 133 धावांचे. 1 जानेवारी 2018 रोजी कर्णधार फैज फजलच्या विदर्भाने दिल्लीला 9 गडी राखून हरवले. ज्या मैदानावर पंडित वर्षापूर्वी हरले होते, तिथेच त्यांच्या हाती करंडक आला.

पुढच्या वर्षी चाहत्यांची भूक वाढली. हंगामात वसीम जाफरने 1037 धावा केल्या. एका रणजी हंगामात हजार धावा दोनदा करणारा तो पहिला फलंदाज. फेब्रुवारी 2019 मध्ये नागपुरात सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने 11 बळी घेतले, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली, आणि विदर्भ 78 धावांनी जिंकला. त्यापाठोपाठच्या इराणी करंडकात यवतमाळ जिल्ह्यातून आलेल्या अक्षय कर्णेवारने शतक काढले. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा हा गोलंदाज आहे. इराणी करंडक जिंकल्यावर विदर्भाने बक्षिसाची रक्कम पुलवामातल्या हुतात्मा जवानांच्या कुटुंबीयांना दिली.

हे सारे पंडितांनी केले का? माझे मत असे की त्यांनी शिस्त आणली, जिंकण्याची सवय लावली, आणि तेही थोडके नाही. पण गुरबानी, वाडकर, सरवटे ही मुले नागपुरात आधीच घडत होती. व्हीसीएने अकादमीवर आणि वयोगटांच्या स्पर्धांवर बरीच वर्षे मेहनत घेतली होती. प्रशिक्षकाने ते पीक वेळेवर कापले. याचा पुरावा पंडित गेल्यानंतर मिळाला. उस्मान घनी या विदर्भाच्याच माजी खेळाडूच्या हाताखाली संघ मार्च 2024 मध्ये वानखेडेवर मुंबईकडून अंतिम सामन्यात 169 धावांनी हरला. 538 धावांचे लक्ष्य होते, तरी हा संघ 368 पर्यंत झुंजला आणि वाडकरने शतक केले. वर्षभराने उपांत्य सामन्यात त्याच मुंबईला 80 धावांनी हरवून विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत आला. केरळविरुद्ध दानिश मालेवारने 153 काढल्या, करुण नायरने दुसऱ्या डावात 135, आणि पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर 2 मार्च 2025 रोजी तिसरा करंडक विदर्भाकडे आला. 22 वर्षांच्या हर्ष दुबेने त्या हंगामात 69 बळी घेतले. रणजीच्या एका हंगामातला हा विक्रम आहे. आधीचा 68 बळींचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा होता.

म्हणून विदर्भाला पुढे कधी नवा प्रशिक्षक मिळाला, तर उमरखेडच्या चाहत्यांनी त्याच्याकडे पहिल्या महिन्यात करंडक मागू नये. त्याच्या माऱ्याने किती सामन्यांत 20 बळी घेतले ते मोजावे, आणि त्या माऱ्यात जिल्ह्याजिल्ह्यांतली किती मुले आहेत हेही पाहावे. टेनिस बॉलवर वेगात चेंडू टाकणारा एखादा मुलगा गावात दिसला, तर त्याला लेदर बॉल हाती द्या आणि व्हीसीएच्या वयोगटाच्या निवड चाचणीला वेळेवर पाठवा.