जुन्या संगणकास बाहेरचा प्राण

सिरसाळ्यासारख्या गांवीं पंचवीस वर्षांपूर्वीं ज्या घरीं संगणक असे, त्या घराकडे लोक कौतुकानें पाहत. आज परळी तालुक्यांतील आमच्या या गांवीं ती अपूर्वाई राहिलेली नाहीं. उलट कोणाच्या माडीवर, कोणाच्या कोनाड्यांत, जुन्या लुगड्याच्या तुकड्याखालीं झांकलेलें एखादें यंत्र धूळ खात पडलेलें दिसतें. थोरला मुलगा अभियांत्रिकीच्या शिक्षणास गेला तेव्हां तें घेतलेलें. पुढें तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला आणि यंत्र मागें राहिलें. चौकशी केली तर उत्तर ठरलेलें असतें : "तो आतां जुना झाला, भंगारांत घालावयाचा आहे."

या उत्तरांतील 'जुना' हा शब्द आम्हांस खटकतो. यंत्राचा नेमका कोणता अवयव जुना झाला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. गाडीचें एक चाक झिजलें म्हणून शहाणा शेतकरी सगळी गाडी मोडीत काढीत नाहीं. दहाबारा वर्षांपूर्वींचे पुष्कळसे संगणक, बाहेरून जोडलेल्या एका लहानशा ड्राइव्हवरून आजहि उत्तम चालवितां येतात, आणि तसें करतांना आंतील जुन्या कागदपत्रांस धक्काहि लावावा लागत नाहीं. ही गोष्ट आमच्या वाचकांस समजावून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

जुनें काय होतें?

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्यांत हलणारा किंवा झिजणारा भाग नाहीं; २०१२ सालीं तो जितक्या वेगानें गणित करी तितक्याच वेगानें आजहि करतो. जुन्या होतात त्या दुसऱ्याच दोन गोष्टी.

पहिली हार्डडिस्क. जुन्या लॅपटॉपांत ही चकती बहुधा मिनिटास ५,४०० फेरे घेते आणि एक बारीक दांडा तिच्यावर पुढेंमागें सरकून मजकूर वाचतो. एक तुकडा शोधावयास त्यास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग लागतो. ऐकावयास हें थोडें वाटतें. परंतु यंत्र सुरू होतांना असे हजारों तुकडे शोधावे लागतात. अलीकडील एसएसडी या साठवणींत चकतीहि नाहीं आणि दांडाहि नाहीं. तेथें तेंच काम सेकंदाच्या दहा हजाराव्या भागांत होतें. यंत्र 'म्हातारें' झाल्यासारखें वाटतें याचें कारण बहुतेक वेळां ही थकलेली चकती असते.

दुसरी गोष्ट ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारी प्रणाली. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या प्रणालीचा नेहमींचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस सुरक्षेपुरती एका वर्षाची वाढीव मुदत तेवढी दिली. २०२१ सालीं निघालेल्या 'विंडोज ११' ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८ नंतरच्या घडणीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळें हातीपायीं धडधाकट असलेला संगणकहि पंक्तींतून उठविला जातो. त्यास भूक आहे, पचविण्याची शक्तिहि आहे. त्याच्यापुढें पान मांडणारा मात्र कोणी नाहीं.

यंत्र जागें कसें होतें

बटण दाबतांच प्रथम जागी होते ती मुख्य पाटीवरील एका चिपमधील लहानशी आज्ञावली. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. ती प्रथम यंत्राचे अवयव तपासते आणि मग ठरलेल्या क्रमानें 'प्रणाली कोठें आहे?' असें एकेका साठवणीस विचारीत जाते. जिच्याकडून होकार मिळेल तिच्यावरील प्रणाली उचलून ती रॅम या तात्पुरत्या स्मृतींत आणते व कारभार तिच्या स्वाधीन करते. या क्रियेस 'बूट' होणें म्हणतात. स्वतःच्या बुटांचे बंद ओढून स्वतःसच वर उचलावें, अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्प्रचारावरून हा शब्द आला आहे.

आतां यांतील मर्म पाहावें. प्रणाली यंत्राच्या पोटांतच असली पाहिजे असा त्या आज्ञावलीचा मुळींच आग्रह नसतो. ती फक्त क्रम पाहते, आणि तो क्रम आपणांस बदलतां येतो. आद्य शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या देहांत प्रवेश करून तो उठविला अशी कथा आहे. येथें तसाच परकायाप्रवेश घडतो. देह जुनाच, प्राण मात्र बाहेरून येतो.

ही युक्ति नवीहि नव्हे. १९८१ सालचा आयबीएम कंपनीचा पहिला 'पीसी' आणि १९८४ सालचा ॲपल कंपनीचा पहिला 'मॅकिंटॉश' यांच्या पोटांत हार्डडिस्क नव्हतीच. बाहेरून फ्लॉपी घालावी तेव्हां प्रणाली चालू होई. मॅकिंटॉशच्या त्या फ्लॉपींत अवघे ४०० किलोबाइट मावत. पुढें हार्डडिस्क पोटांत आली आणि बाहेरून जागें करण्याची मूळ रीत लोक विसरले. २००० सालच्या सुमारास जर्मनींतील क्लाउस क्नॉपर यांनीं 'क्नॉपिक्स' या नांवानें लिनक्सची सबंध प्रणाली एका सीडीवरून चालवून दाखविली, तेव्हां जुनीच रीत पुन्हां नवी झाली.

महाराष्ट्रांतील एक धागा

या कथेचा एक धागा आपल्या प्रांतांतून गेला आहे. जगांतील गरीब मुलांस स्वस्त लॅपटॉप द्यावा या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचा भारतांतील पहिला प्रयोग २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील कर्जतजवळील खैरात या वाडीच्या लहानशा शाळेंत झाला. त्या लॅपटॉपांत साठवण होती अवघी १ जीबी, आणि मुलांसाठीं मुद्दाम रचलेली 'शुगर' नांवाची सोपी मांडणी त्यांत बसविलेली होती. पण प्रत्येक मुलास नवें यंत्र देणें किती सरकारांस व किती संस्थांस परवडावें? पुढें 'शुगर लॅब्स' या संस्थेनें २००९ च्या जूनमध्यें हीच मांडणी पेनड्राइव्हवर घातली आणि तिला 'शुगर ऑन अ स्टिक' असें नांव दिलें. आतां नवें यंत्र हवेंच असें राहिलें नाहीं. कोणताहि जुनापुराणा संगणक त्या कांडीनें जागा करावा, मुलानें काम करावें आणि आपलें काम कांडीबरोबर खिशांत घालून न्यावें.

साखरेची कांडी हें नांव आमच्या ऊसतोडणीच्या जिल्ह्यास निराळ्याच कारणानें लागतें. दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत फडावर जातात, आणि मुलांची शाळा मध्येंच तुटते. यंत्र फडावर नेतां येत नाहीं. परंतु मुलाचा अभ्यास, त्याची वही, त्याचें अर्धें राहिलेलें काम हें सारें अंगठ्याएवढ्या वस्तूंत मावतें, आणि जेथें कोठें शाळेंत जुना संगणक असेल तेथें तें उघडतां येतें. आम्हीं सारा जन्म शिकविण्यांत घालविला असल्यामुळें या कल्पनेचें मोल आम्हांस फार वाटतें.

घरीं करावयाचें तें

प्रथम ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो, म्हणून रिकामाच घ्यावा. दुसऱ्या चालू संगणकावर 'लिनक्स मिंट' सारख्या विनामूल्य प्रणालीची सुमारें ३ जीबीची फाइल तिच्या मूळ स्थळावरूनच उतरवून घ्यावी, आणि 'रूफस' किंवा 'बलेना एचर' या साधनानें ती पेनड्राइव्हवर लिहावी. नुसती फाइल नेहमींसारखी उतरवून ठेवल्यानें काम होत नाहीं. ती बूट होईल अशा रीतीनेंच लिहावी लागते. ज्यांस भारतीय प्रणाली पाहावयाची असेल त्यांच्यासाठीं सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही लिनक्स प्रणालीहि आहे, आणि तींत मराठीची सोय आहे.

मग पेनड्राइव्ह जुन्या यंत्रास जोडून बटण दाबतांच बूटचा क्रम दाखविणारी कळ दाबीत राहावी. डेल व लेनोव्हो यांच्या पुष्कळ यंत्रांत ती एफ-१२ असते, एचपीच्या यंत्रांत एफ-९. इंटेल प्रोसेसरच्या जुन्या मॅकमध्यें 'ऑप्शन' ही कळ. यादींतून पेनड्राइव्ह निवडला कीं यंत्र त्याच्यावरून उठतें. हा नुसता पाहुणचार आहे. पडदा, आवाज, वायफाय, छपाई हें सारें चालतें कीं नाहीं तें निवांत पाहून घ्यावें. आंतील हार्डडिस्कवर यावेळीं कांहींहि लिहिलें जात नाहीं, आणि यंत्र बंद करतांच पाहुणा मागें खूण न ठेवतां जातो.

पाहुणा मानवला तर त्यास कायमचें बिऱ्हाड द्यावें. पेनड्राइव्ह रोजच्या वापरासाठीं मंद पडतो व सततच्या लेखनानें लवकर झिजतो. म्हणून १२० किंवा २४० जीबीची बाहेरून जोडावयाची एसएसडी घ्यावी आणि प्रणाली तिच्यावर बसवावी. बसवितांना दोन ठिकाणीं सावध राहावें. प्रणाली कोणत्या साठवणीवर जावयाची, आणि तिला उठविणारा 'बूट लोडर' कोणत्या साठवणीवर जावयाचा, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. दोहोंचें उत्तर बाहेरची एसएसडी हेंच दिलें पाहिजे. जाणकार मनुष्य हाताशीं असेल तर तेवढ्या वेळेपुरती आंतील हार्डडिस्क काढून ठेवणें हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

जोडणी यूएसबी ३ च्या तोंडास करावी. हें तोंड बहुधा आंतून निळें असतें. त्याची क्षमता सेकंदास ५ गिगाबिट, तर जुन्या यूएसबी २ ची ४८० मेगाबिट, म्हणजे दहाव्या हिश्श्याहूनहि कमी. यंत्र चालू असतांना ही वायर ओढूं नये. पोरांस हें आधींच बजावून ठेवावें. आमच्याकडे वीज केव्हां जाईल याचा भरंवसा नाहीं, म्हणून टेबलावरील संगणकास यूपीएस असावा आणि लॅपटॉपची बॅटरी निदान पांच मिनिटें टिकणारी असावी.

जुन्या कागदांची गोष्ट

आंतील हार्डडिस्क न पुसतां बाहेरून चालविण्यावर आमचा भर कां, तें एका घरच्या उदाहरणानें सांगतों. आमच्या परिचयाचे एक नाना एके सायंकाळीं लॅपटॉप घेऊन आले आणि म्हणाले, "गुरुजी, दुकानदार म्हणतो यांत आतां जीव नाहीं, सगळें पुसून नवें भरूं, नाहीं तर टाकून द्या. पण दादांनीं लिहिलेला कुलवृत्तांत यांतच आहे हो!" दादा म्हणजे त्यांचे वडील; ते जाऊन चार वर्षें झालेलीं. सात पिढ्यांचीं नांवें, सोयरिकी, कुलाचार, कोणती शाखा कोणत्या सालीं कोठें गेली, हें सारें म्हाताऱ्यानें एकेका नातेवाइकास विचारून टिपलेलें. दुसरी प्रत कोठेंहि नाहीं.

त्या यंत्रास आम्हीं आमचा पेनड्राइव्ह लावला. यंत्र उठलें, आंतील डिस्क दिसली आणि फाइल सांपडली. पण उघडतांच मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ! नानांचा चेहरा उतरला. परंतु मजकूर गेला नव्हता. युनिकोड ही सर्वमान्य लिपिसंहिता घरोघर येण्यापूर्वीं पुण्याची श्रीलिपि, सी-डॅकचें आयएसएम अशा साधनांनीं मराठी लिहिली जाई, आणि त्यांचे फाँट आपापल्या संकेतानें चालत. तो फाँट जवळ नसेल तर अक्षरें ओळखूं येत नाहींत. जुन्या विंडोजच्या 'फाँट्स' या कप्प्यांतून दादांनीं वापरलेला फाँट आम्हीं नव्या प्रणालींत आणला, आणि पडद्यावर मूळ पुरुषाचें नांव स्वच्छ देवनागरींत उमटलें. दुकानदाराचें ऐकून डिस्क पुसली असती तर फाइलहि गेली असती आणि तिची किल्लीहि. आज तोच लॅपटॉप बाहेरच्या एसएसडीवरून मिनिटाच्या आंत सुरू होतो; नानांची नात त्यावर अभ्यास करते, आणि कुलवृत्तांताच्या तीन प्रती तीन बिऱ्हाडीं आहेत.

याच उदाहरणांत एक धोक्याची सूचनाहि आहे. विंडोजचा पासवर्ड न विचारतां आम्हांस ती फाइल वाचतां आली. तशी ती कोणासहि वाचतां येईल. पासवर्ड म्हणजे दाराची कडी, तिजोरीचें कुलूप नव्हे. बँकेचे व जमिनीचे कागद असलेलें यंत्र परक्या हातीं देण्यापूर्वीं हें ध्यानांत ठेवावें. 'बिटलॉकर' सारखें कुलूप घातलेलें असेल तर त्याची ४८ आंकडी किल्ली कागदावर लिहून कपाटांत ठेवावी. ती नसेल तर घरच्या मनुष्यासहि दार उघडणार नाहीं.

मर्यादा

या उपायानें सर्वच यंत्रें उठतात असें नव्हे. ज्याचा प्रोसेसर ३२ बिटांचा आहे त्याचे दिवस खरोखरच भरत आले. लिनक्स मिंटनें २०२० सालच्या विसाव्या आवृत्तीपासून आपल्या मुख्य शाखेंत तीं यंत्रें सोडलीं, आणि डेबियननें २०२५ च्या ऑगस्टमध्यें तेराव्या आवृत्तीपासून. रॅम निदान २ जीबी हवी. ४ जीबी असल्यास काम सुखाचें होतें. केवळ विंडोजवरच चालणारी हिशेबाची आज्ञावली ज्यांस लागते त्यांनीं आंतील जुनी विंडोज तेवढ्या कामासाठीं ठेवावी. मात्र सांभाळ संपलेली ती प्रणाली इंटरनेटास जोडूं नये. आणि जुने कागद सुरक्षित उतरवून झाल्यावर, लॅपटॉपची हार्डडिस्क बदलण्याजोगी असेल तर, तीच एसएसडी पोटांत बसविणें अधिक सोईचें. मग बाहेरच्या वायरीचें जोखीमहि उरत नाहीं.

एकत्र कुटुंबांत चार मुलें आणि एक मोबाइल अशी स्थिति पुष्कळ घरीं आहे. बोटभर पडद्यावर परीक्षेचे अर्ज भरले जातात, निबंध लिहिले जातात, आणि डोळे शिणतात. त्याच घराच्या माडीवर पूर्ण कळफलक व वीतभर पडदा असलेलें यंत्र लुगड्याखालीं निजलेलें असतें. तें खालीं आणावें, धूळ पुसावी आणि भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं एकदां बाहेरचा प्राण देऊन पाहावा. यंत्र उठलें तर घरांतील मुलांस अभ्यासाचें साधन मिळेल. नाहीं उठलें, तरी त्याची हार्डडिस्क तेवढी काढून ठेवावी, कारण वाडवडिलांचे कागद बहुधा तींतच असतात.