टाइम सायकलच्या रेषा कोण आखतं?

चार्टवर टाइम सायकलचं टूल घ्यायचं, एका तळावर क्लिक करायचं, पुढच्या तळावर दुसरं. लगेच पडदाभर सारख्या अंतराच्या उभ्या रेषा उमटतात. काही टूलमध्ये रेषांऐवजी अर्धवर्तुळं येतात, काहींत लाट. आजच्या कँडलच्या पुढे, अजून न उजाडलेल्या दिवसांवरही त्या पडतात. भविष्य दिसल्याचा भास होतो तो इथेच.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे सॉफ्टवेअर बाजाराचं चक्र शोधून देतं. ते काहीही शोधत नाही. दोन क्लिकमधलं अंतर कर्कटकात धरून पट्टीवर खुणा करत जावं, तसं ते तेवढंच अंतर पुढे टाकत जातं. कुठले दोन तळ धरायचे, हे तुम्ही ठरवता.

निफ्टीवर करून बघा. पहिला तळ २१ सप्टेंबर २००१, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतरच्या पडझडीतला. दुसरा २७ ऑक्टोबर २००८. मधलं अंतर २५९३ दिवस. तेच पुढे टाकलं की रेषा येते ३ डिसेंबर २०१५ वर. खरा तळ आला २९ फेब्रुवारी २०१६ ला, बजेटच्या दिवशी. तीन महिने उशीर, पण सात वर्षांच्या हिशेबात एवढं चालतं, असं मन सांगतं. मग पुढची रेषा बघा: ८ जानेवारी २०२३. त्याआधी पाचच आठवडे, १ डिसेंबर २०२२ ला, निफ्टीने तोवरचा उच्चांक केला होता. आणि २४ मार्च २०२० ला निफ्टी ७५११ पर्यंत कोसळला, त्या तळाच्या आसपास एकही रेषा नाही. एक रेषा जवळ पडली म्हणून जो विश्वास बसतो, तो उरलेल्या रेषा न मोजल्यामुळे.

दुसरा घोटाळा दिवस आणि कँडल यांचा. बरीच टूल्स कँडल मोजतात, आणि शनिवार-रविवारच्या कँडल नसतात. त्यामुळे डेली चार्टवरच्या २१ कँडल म्हणजे साधारण एक महिना. पंधरा मिनिटांच्या चार्टवर मात्र सव्वानऊ ते साडेतीन या वेळेत २५ कँडल बसतात, म्हणजे २१ कँडलमध्ये एक दिवसही पुरा होत नाही. २१ हा आकडा फिबोनाची मालिकेतला असला, तरी काळ तोच राहत नाही.

लाट इतकी सुबक दिसते, मग तिच्यामागे काहीतरी असणारच, हेही अनेकांना वाटतं. रशियन अर्थतज्ज्ञ येवगेनी स्लुट्स्की यांनी १९२७ मध्ये याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. सरकारी लॉटरीत निघालेल्या क्रमांकांचे शेवटचे अंक घेऊन त्यांनी एकेक अंक पुढे सरकत दहा-दहांच्या बेरजा केल्या. निव्वळ योगायोगाच्या त्या अंकांतून जी लाट निघाली, ती इंग्लंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या तेजी-मंदीच्या आलेखाशी चक्क जुळली. आपण किमतींवर मूव्हिंग ॲव्हरेज लावतो तेव्हा हेच करतो. मला हा प्रयोग प्रत्येक नव्या ट्रेडरला आधी दाखवावासा वाटतो.

म्हणून बाजारात कसलीच आवर्तनं नसतात, असंही नाही. तिमाही निकाल, फेब्रुवारीतलं बजेट, एक्स्पायरी यांना कॅलेंडर आहे आणि कारणही आहे. पण कारण बदललं की आवर्तनही सरकतं. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारवरून मंगळवारी आली, तेव्हा गुरुवार धरून आखलेलं सगळं जुनं झालं.

रेषा तपासायची रीत सोपी आहे. अंतर २० कँडलचं असेल आणि मागेपुढे तीन कँडलची सूट दिली, तर प्रत्येक २० पैकी ७ कँडल ‘बरोबर’ ठरतात. म्हणजे डोळे मिटून आखलेल्या रेषांवरही शंभरातली ३५ वळणं बसतील. तुमच्या रेषांवर त्याहून बरीच जास्त बसायला हवीत, आणि तीही चार्टच्या त्या भागात, जो झाकून ठेवून तुम्ही रेषा आखल्या होत्या.